ग्योटिंगनमध्ये कुणी हाक मारत नाही

जर्मनीतल्या ग्योटिंगन विद्यापीठाच्या विषयांच्या माहितीपत्रकात प्रत्येक विषयाखाली एक रुक्ष ओळ असते: वर्गातला वेळ ५६ तास, स्वतःचा अभ्यास १२४ तास. क्रेडिटला ग्योटिंगनमध्ये नुसतं 'सी' म्हणतात. एका सीचे ३० तास धरलेले असतात, म्हणून ६ सीचा विषय १८० तासांच्या कामाचा. आठवड्याला ४ तासिका, असे १४ आठवडे, झाले ५६. उरलेले १२४ तास कुठे, केव्हा आणि कुणाबरोबर घालवायचे, याबद्दल विद्यापीठ चकार शब्द काढत नाही. आपल्याकडून गेलेला विद्यार्थी पहिला आकडा बघून खूश होतो, वेळापत्रकात मंगळवार दुपार आणि अख्खा शुक्रवार मोकळा दिसतो म्हणून घरी फोन करून सांगतोही. दुसऱ्या आकड्याकडे त्याचं लक्ष जानेवारीत जातं. तोवर सहामाहीचे दहा आठवडे सरलेले असतात.

नावाच्या उच्चारापासून सुरुवात करू, कारण स्टेशनवर उतरताच तो लागतो. ओठ 'ओ'साठी गोल करायचे आणि तोंडातून 'ए' काढायचा. मराठीत तो स्वर नाही, त्यामुळे कुणी गॉटिंगेन लिहितं, कुणी गटिंगन. इथे ग्योटिंगन लिहिलं आहे, तेही अर्धवटच बरोबर. गाव साधारण सव्वा लाख वस्तीचं, त्यात वीस हजारांहून अधिक विद्यार्थी. म्हणजे गावात विद्यापीठ आहे म्हणण्यापेक्षा विद्यापीठाला चिकटून गाव आहे असं म्हणावं. सुट्टीच्या दिवसांत सायकलींचे स्टँड रिकामे दिसले की ते पटतं.

इथे काही शतकांपूर्वीचं मध्ययुगीन विद्यापीठ शोधणाऱ्याची निराशा होते. हायडलबर्ग १३८६चं, लाइपझिग १४०९चं. त्यांच्यापुढे १७३७ साली रीतसर उघडलेलं ग्योटिंगन अगदीच अलीकडचं. हॅनोव्हरचा अधिपती आणि त्याच वेळी ब्रिटनचा राजा असलेल्या दुसऱ्या जॉर्जने ते काढलं आणि त्याचे मंत्री म्युन्शहाउझेन यांनी ते उभं केलं. उशिरा जन्मल्याचा फायदा असा की जुन्या विद्यापीठांची दुखणी डोळ्यांसमोर होती. तिथे धर्मशास्त्राची विद्याशाखा इतरांच्या लेखनावर देखरेख करायची. इथे तो अधिकार तिला दिलाच नाही. आणि ग्रंथालय दागिन्यांच्या पेटीसारखं कुलपात न ठेवता वापरासाठी उघडलं. पुस्तकं नेमाने, ठरवून विकत घ्यायची, त्यांच्या नीट सूची करायच्या आणि ती वाचणाऱ्याच्या हातात द्यायची, ही गोष्ट आज सांगण्यासारखीही वाटत नाही. अठराव्या शतकात ती नवलाची होती. क्रिस्टियान गोटलोब हायने १७६३पासून १८१२पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, ग्रंथपाल होते. त्यांच्या काळात संग्रह साठ हजारांवरून दोन लाखांच्या घरात गेला.

इथलं सगळं वळण त्या ग्रंथालयाचं आहे असं आमचं मत. दार उघडं, सूची तयार, पुस्तक जागेवर. तुम्ही यायचं. येत नसाल तर कुणी बोलवायला येणार नाही. हजेरी बहुतेक व्याख्यानांना नसते, वर्गशिक्षक नसतो, पालकांना पत्र जात नाही. नियम मात्र सगळे छापलेले असतात, आणि छापलेलं आहे याचा अर्थ तुम्हाला सांगितलेलं आहे असाच धरला जातो.

प्रवेशाच्या कागदांत फार रमण्यात अर्थ नाही, पण दोन जागी पाय घसरतो. एक म्हणजे एपीएसचं, म्हणजे भारतातल्या गुणपत्रिका-पदव्या तपासून देणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते लागतं, काही शिष्यवृत्तीधारक वगैरे अपवाद सोडले तर. त्याला आठवडे लागतात आणि गर्दीच्या मोसमात महिनेही. प्रवेशपत्र हातात आल्यावर एपीएसला अर्ज करणाऱ्यांची एक सहामाही हमखास जाते. दुसरी जागा गुणांची. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. आपले गुण त्यात बसवायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी ८.२ सीजीपीए आणि पास होण्यासाठी ४ लागत असतील तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. पण किमान उत्तीर्ण श्रेणी ५ धरली तर तेच ८.२ गुण २.०च्या पुढे सरकतात. कुठे '२.० किंवा त्याहून चांगले' अशी अट असेल तर या एका आकड्यावर अर्ज राहतो किंवा जातो. म्हणून विद्यापीठाकडून उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी स्पष्ट लिहिलेलं पत्र, किंवा गुणपत्रिकेच्या मागचा तो बारीक अक्षरांतला तक्ता, अर्जाला जोडावा. पुष्कळजण मागची बाजू स्कॅनच करत नाहीत.

पैशांचं गणित त्या मानाने सरळ. ग्योटिंगन ज्या राज्यात आहे त्या नीडरझाक्सनमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही सर्वसाधारण शिक्षणशुल्क नाही. सगळ्याच राज्यांत तसं नाही, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये सहामाहीला १,५०० युरो पडतात. इथे दर सहामाहीला काही शे युरोंची वर्गणी असते, तिच्यात प्रवासाचं तिकीटही आलं. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा सप्टेंबर २०२४पासूनचा आकडा, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. इथली गोम अशी की पहिल्याच महिन्यात अनामत, पहिलं भाडं, विम्याचा हप्ता, वर्गणी आणि जाड कोट हे सगळं एकदम येतं. ९९२मध्ये ते बसत नाही. त्या खात्याबाहेर किमान दीड-दोन हजार युरो हाताशी असावेत.

खोलीच्या जाहिरातीत दोन भाडी असतात, 'थंड' आणि 'गरम'. थंड म्हणजे नुसत्या जागेचं, गरम म्हणजे हीटर, पाणी, जिन्याची झाडलोट धरून. तुलना नेहमी गरम भाड्याची करावी. अनामत जास्तीत जास्त तीन थंड भाड्यांइतकी घेता येते, त्याहून जास्त मागणारा कायद्याबाहेरचं मागतो. खोली न बघता, करार न होता, पैसे आधी पाठवा म्हणणारा मालक बहुधा मालक नसतोच. ऑक्टोबरच्या तोंडावर असे पुष्कळ उगवतात. विद्यार्थी वसतिगृहांच्या यादीत नाव प्रवेश पक्का होताक्षणी घालावं, कारण ती रांग मोठी असते आणि तिथेही कुणी हाक मारत नाही.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत नाव नोंदवायचं. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा, हा माणूस खरंच इथे राहतो असं सांगणारा एक कागद लागतो. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. हीरोशिमाप्लाट्झवरच्या नव्या टाउनहॉलमध्ये करार घेऊन गेलेला माणूस तसाच परत येतो. या नोंदणीवर पुढचं सगळं उभं आहे: कराचा क्रमांक, राहण्याचा परवाना, बऱ्याचदा बँकेचं खातंही. आणि नोंदणी झाली की काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, सध्या महिन्याला १८ युरो ३६ सेंट. घरात टीव्ही नाही हे उत्तर चालत नाही. ती वर्गणी माणसागणिक नसून घरागणिक आहे, तेव्हा चौघांच्या बिऱ्हाडात एकाने भरली की बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवून मोकळं व्हायचं. पत्र जर्मनमध्ये असतं म्हणून ते फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवणारे पुढे दंडासकट भरतात. प्रयोगशाळा इंग्रजीत चालते, पण टपालपेटी जर्मनच बोलते.

आता वर्ग. वेळापत्रकात १० ते १२ असं लिहिलेलं व्याख्यान १०.१५ला सुरू होतं आणि ११.४५ला संपतं. हा 'विद्यापीठाचा पाव तास'. वेळेपुढे लॅटिन शब्दांची दोन आद्याक्षरं असतात, सीटी म्हणजे पाव तास धरून, एसटी म्हणजे ठोक्याला. परीक्षा एसटी असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. व्याख्यान संपलं की टाळ्या वाजत नाहीत, मुलं बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. शंभर-दीडशे जणांची ती टकटक लाकडी बाकांच्या जुन्या सभागृहात पत्र्यावर पाऊस पडावा तशी ऐकू येते.

गणित आणि भौतिकशास्त्रात खरं शिक्षण व्याख्यानात नसून आठवड्याच्या प्रश्नपत्रकात असतं. चार-पाच प्रश्न, सोडवायला एक आठवडा. एकेका प्रश्नावर दोन संध्याकाळी जातात. सहामाहीभरात मिळून निदान निम्मे गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येतं, आणि गणितात बऱ्याच विषयांना आपली उत्तरं दोनेकदा फळ्यापाशी जाऊन मांडावीही लागतात. उत्तरं सहसा दोघांनी मिळून दिली तर चालतात. जोडीदार पहिल्याच आठवड्यात शोधावा लागतो, कारण तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या असतात. इथे आपल्या मुलांचं एक ठरलेलं चुकतं. जर्नल कुणाची तरी 'रेफर' करून पूर्ण करण्याची सवय असते, उत्तर बरोबर असतं, आणि मग पुढच्या गुरुवारी शिकवणीच्या तासाला फळ्यावर बोलावलं की दुसऱ्या ओळीवरून तिसरी कशी आली ते सांगता येत नाही. तपासणारा रागावत नाही. तो "हं" म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. ते जास्त लागतं.

अडलं की शिक्षकाकडे जाता येतं, पण भेटीच्या वेळेत आणि प्रश्न घेऊन. 'सर, धडा कळला नाही' याला उत्तर नसतं. 'लेमा ३मध्ये हा संच बंदिस्त का धरला' याला अर्धा तासही मिळतो. प्राध्यापकाला 'हेर प्रोफेसर' नाहीतर 'फ्राउ प्रोफेसर' आणि आडनाव, तेही अहोजाहो करून. संशोधन गटात मात्र पहिल्याच दिवशी प्राध्यापक बाई आपलं पहिलं नाव सांगतात आणि एकेरीवर येतात. आपल्या जिभेला हे सर्वांत जड जातं. सहा-सहा महिने काहीच संबोधन न वापरता वाक्यं फिरवून बोलणारे असतात.

परीक्षेबद्दल एकच गोष्ट ठळक सांगायची. इथे दोन निरनिराळ्या संगणक-प्रणाली आहेत. स्टुड-आयपीवर व्याख्यानाला नाव घालायचं, तिथे टिपणं आणि प्रश्नपत्रकं मिळतात. फ्लेक्सनाउवर परीक्षेला नाव घालायचं. स्टुड-आयपीवर नाव आहे, सगळी व्याख्यानं ऐकली, प्रश्नपत्रकांत ऐंशी टक्के मिळाले, आणि फ्लेक्सनाउवरची मुदत चुकली, तर तुम्ही परीक्षेला नाही. विनंती, आजारपण, गैरसमज, काही चालत नाही. संगणकाने तुम्हाला आठवणीची मेल पाठवायला हवी होती हा युक्तिवादही नाही. उलट बाजूनेही तीच धार आहे. नाव घातलं, तयारी झाली नाही, म्हणून मुदतीत नाव मागे न घेता नुसते गेलाच नाहीत, तर ५.० लागतो आणि एक संधी खर्ची पडते. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन दाखला लगेच पोचवायचा, चार दिवसांनी आणलेला दाखला कागदाचा कपटा. संधी मोजक्या, बहुधा तीन. शेवटची हुकली की तो विषय कायमचा नापास, आणि सक्तीचा विषय असेल तर तो अभ्यासक्रमच बंद, बऱ्याचदा जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही. एटीकेटीच्या उबेत वाढलेल्या माणसाला हे वाचून खरं वाटत नाही.

फेब्रुवारीत व्याख्यानं थांबतात, सहामाही मात्र ३१ मार्चपर्यंत चालते. मधल्या काळाचं नाव 'व्याख्यानमुक्त काळ' असं आहे, सुट्टी असं नाही. पाच विषयांचे ३० सी, म्हणजे ९०० तास, हे सव्वीस आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला पस्तीस तास होतात. त्या चौदाच आठवड्यांत कोंबायला गेलात तर चौसष्ट. डिसेंबरात सव्वाचारला अंधार पडतो, आणि चौसष्टचा हिशोब तेव्हा जास्तच अंधारा दिसतो.

मध्यवर्ती परिसरात ग्रंथालयाचा पत्ता 'ग्योटिंगनच्या सातांचा चौक' असा आहे. १८३७ साली हॅनोव्हरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. सातही बडतर्फ झाले, तिघांना तीन दिवसांत हद्दपार व्हावं लागलं. सातांत ग्रिम बंधू होते, परीकथा गोळा करणारे तेच. त्यातले याकोब या विद्यापीठाचे ग्रंथपालही होते आणि हद्दपार झालेल्या तिघांतही होते. ज्या विद्यापीठाने त्यांना काढलं त्याच्याच ग्रंथालयाचा पत्ता आज त्यांच्या आठवणीचा आहे. रोज तिथे सायकल लावणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे.

१९३३ची हकीकत याहून काळी. गणितज्ञ एमी न्योटर बाई म्हणून १९१९पर्यंत स्वतःच्या नावावर शिकवू शकत नव्हत्या, त्यांची व्याख्यानं सहकारी गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. त्याच न्योटर, माक्स बोर्न, रिचर्ड कूरान्ट यांना १९३३मध्ये ज्यू म्हणून नाझी कायद्याने दूर केलं. जेम्स फ्रांक पहिल्या महायुद्धात लढलेले म्हणून त्या कायद्यातून सुटले असते, पण त्यांनी राजीनामा देऊन टाकला. ज्या गणित संस्थेची इमारत रॉकफेलर निधीतून १९२९ साली उभी राहिली होती ती चार वर्षांत ओकीबोकी झाली. हे नुकसान विद्यापीठ नंतर कधीच पुरतं भरून काढू शकलं नाही. इथल्या जुन्या वैभवाच्या गप्पा ऐकताना ते मनात असू द्यावं. स्टेशनपासून फार दूर नाही अशा जुन्या दफनभूमीत माक्स प्लांक, ओटो हान, बोर्न, फॉन लाउए हे शास्त्रज्ञ आहेत. बोर्न यांच्या दगडावर पीक्यू वजा क्यूपीचं समीकरण कोरलेलं आहे, हान यांच्या दगडावर अणुविखंडनाचं. नुसतं नाव आणि सूत्र, बिरुदं जवळजवळ नाहीतच.

आपला धागाही या गावात आहे, फार कुणाला माहीत नसलेला. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि पंधराएक वर्षं राहिले. शिकवायला आले खरे, पण व्याकरण ते पुण्याच्या शास्त्र्यांकडे बसून शिकले. नागेशभट्टाचा परिभाषेन्दुशेखर त्यांनी इंग्रजीत आणला, पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी संपादलेली आवृत्ती मुंबईहून निघाली आणि आजही ती उघडल्याशिवाय व्याकरणाच्या अभ्यासकाचं भागत नाही. १८८२मध्ये ते ग्योटिंगनला संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि १९०८मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. म्हणजे एक पिढीभर ग्योटिंगनचे विद्यार्थी जे पाणिनीय व्याकरण शिकले त्यात पुण्याच्या पाठशाळेतली पद्धत मुरलेली होती: सूत्र, वार्तिक, भाष्य, आणि शंका काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. १८८५ साली या विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शास्त्र्याजवळ बसून शिकायची रीत आणि १२४ तास एकट्याने झुंजायची रीत या एकमेकींच्या उलट वाटतात. पण शास्त्रीबुवाही शिष्याला शोधायला जात नसत.

पीएचडीचं दार निराळं आहे. जर्मनीत विद्यापीठाकडे नव्हे, माणसाकडे अर्ज करायचा असतो. त्या माणसाला 'डॉक्टरपिता' किंवा 'डॉक्टरमाता' म्हणतात, आणि ते गमतीने नाही. 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात असलेलं एकच पत्र साठ जणांना पाठवलं तर साठही ठिकाणी ते न वाचता जातं. गटाचा एखादा अलीकडचा शोधनिबंध, त्यातली नेमकी एक अडचण, तुमच्या हाताला येणारं एखादं तंत्र, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांची नावं, एवढं एका पानात. त्याहून खात्रीचा रस्ता म्हणजे जाहिरात निघालेली जागा. रेण्वीय जीवशास्त्र किंवा मज्जाविज्ञानासाठी माक्स प्लांक संस्थांबरोबर चालणारे एकत्रित कार्यक्रम आहेत. तिथे आधी मार्गदर्शक शोधावा लागत नाही, पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काही आठवडे काम करून मग ठरतं. कुठे रमू याची खात्री नसणाऱ्याला हाच मार्ग बरा.

जागा मिळाली की तीन वेगवेगळ्या वह्यांत नाव जातं, आणि पुढचे सगळे घोळ इथे जन्मतात. पहिली वही नोकरीची: सरकारी वेतनश्रेणी १३, बहुधा अर्धी किंवा पासष्ट टक्के, करार दोन-तीन वर्षांचा. दुसरी विद्याशाखेची: पीएचडीचा उमेदवार म्हणून स्वीकार आणि दोन-तीन जणांची मार्गदर्शक समिती. तिसरी विद्यार्थी म्हणून नोंदणी. पगार सुरू झाला म्हणजे पीएचडी सुरू झाली असं नाही. विद्याशाखेकडचा अर्ज वर्षभर टेबलावर तसाच राहिलेले उमेदवार असतात, आणि समितीची पहिली बैठक मग दीड वर्षाने होते. या तिन्हींच्या मुदती वेगळ्या तारखांना संपतात आणि राहण्याचा परवाना सहसा पहिलीला बांधलेला असतो. प्रबंध साडेतीन-चार वर्षं मागतो, करार तीनचा असतो. शेवटचे सहा महिने कशावर काढायचे हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या समितीच्या बैठकीत, इतिवृत्तात येईल असा, विचारून ठेवायचा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारला तर सगळे सहानुभूतीने मान हलवतात.

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर एक जुनी रीत टिकून आहे. 'सादरकर्ता अमुक, अमुक गावचा.' गाव म्हणजे जन्मगाव. त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीत क्वांटम चुंबकत्वाच्या नाहीतर यीस्टच्या प्रथिनांच्या शीर्षकाखाली एखादं मिरज किंवा चाळीसगावही निघू शकतं. पान उलटलं की मार्गदर्शक समिती, दोन परीक्षक, परीक्षा मंडळाचे उरलेले सदस्य, आणि तोंडी परीक्षेच्या तारखेसाठी मोकळी सोडलेली जागा. सहा जणांची एकच मोकळी दुपार शोधणं हे प्रबंध लिहिण्याइतकं नाही, पण त्याच्या जवळपासचं काम आहे. ते परीक्षेच्या तीन महिने आधी हाती घ्यावं, जुलैअखेर ते ऑगस्ट टाळून.

तोंडी परीक्षा झाली की ग्योटिंगनचा खास विधी. प्रयोगशाळेतले सोबती गुपचूप पुठ्ठ्याची डॉक्टरी टोपी करून ठेवतात, तिच्यावर उमेदवाराच्या चार वर्षांची खिल्ली चिकटवलेली असते: सतत बिघडणारा पंप, न लागलेला निष्कर्ष, कँटीनमधला नेहमीचा डबा. मग त्याला सजवलेल्या हातगाड्यात बसवून जुन्या टाउनहॉलसमोरच्या कारंज्यापर्यंत ओढत नेतात. विद्यापीठाच्या उत्तरेच्या परिसरातून हे अंतर तीनेक किलोमीटर, आणि परतीचा चढ नव्या डॉक्टरने पायी चढायचा. कारंज्यावर १९०१पासून राजहंस राखणाऱ्या पोरीचा, गेन्सेलीझलचा, पुतळा आहे. सध्या उभी आहे ती प्रतिकृती, मूळची संग्रहालयात. कठड्यावर चढून तिला फुलं द्यायची आणि गालाचा मुका घ्यायचा. १९२६मध्ये पोलिसांनी यावर बंदी घातली होती, एक विद्यार्थी त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला. मुके चालूच राहिले. पाण्यात शेवाळ असतं, लोखंडी वेलबुट्टीला धार असते आणि परीक्षेच्या बुटांना पकड नसते, तेव्हा चढताना डावा हात मोकळा ठेवावा. फुलं उजव्या हातात.

फोटो घरी पोचतात, आणि आई सोसायटीत सांगून मोकळी होते की मुलगी डॉक्टर झाली. ती अजून झालेली नसते. जर्मनीत प्रबंध प्रकाशित झाल्याशिवाय आणि पदवीपत्र हातात पडल्याशिवाय नावामागे 'डॉ.' ही अक्षरं लावता येत नाहीत, लावली तर तो गुन्हा धरला जातो. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करायच्या, मार्गदर्शकाची सही घ्यायची, ग्रंथालयाच्या ई-प्रबंध संग्रहात फाइल चढवायची, छापील प्रती द्यायच्या. एखादं प्रकरण नियतकालिकात तपासणीसाठी गेलेलं असेल तर ते छापून येईपर्यंत प्रबंध झाकून ठेवण्याचा अर्ज वेगळा. यात दोन महिने जातात, कुणाचं वर्ष. दुसऱ्या देशातली नोकरी सुरू झालेली असते, ग्योटिंगनमधला पत्ता रद्द झालेला असतो, आणि एक सही राहिलेली असते. विद्याशाखेचं कार्यालय तिची आठवण करून देत नाही.

तोवर दारावरच्या पाटीत नुसतं नाव.